सिस्टर ते मंत्री: राजीनामा लिहू नका, आधी सेवापुस्तक काढा

पत्र

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. ऑगस्ट २००४ पासून शासकीय सेवेत आहे, वय ४४. दोन मुली आणि एक मुलगा. धाकट्याचा जन्म २००७ चा. मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. कोविडच्या दोन वर्षांत आमच्या तालुक्यात माझी बरीच ओळख झाली. आता लोक म्हणतात, सिस्टर, जिल्हा परिषदेला उभ्या राहा, पुढे आमदार व्हाल, मंत्री व्हाल. एका पक्षाचे लोक दोनदा घरी येऊन गेले. "राजीनामा टाका, बाकी आम्ही बघतो" असं ते म्हणतात. मनात इच्छा आहे, खोटं कशाला बोलू. पण नर्स खरंच मंत्री होते का, की फोटोपुरतं पुढे करतात? नोकरी सोडावी का? मिस्टरांनी प्रचार केला तर चालेल का? आणि मंत्री झालेच तर आरोग्य खातं मिळतं का?

एक सिस्टर

उत्तर

सिस्टर, नर्सच्या मंत्री झालेल्या आहेत. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्या आधी सांगायलाच हव्यात, कारण घरी आलेल्या लोकांनी त्या सांगितलेल्या दिसत नाहीत.

पहिली म्हणजे, आजच्या कायद्याप्रमाणे तुम्हाला जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका या सर्व ठिकाणी दोन अपत्यांची अट आहे. सप्टेंबर २००१ मध्ये ही अट लागू झाली आणि त्यानंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ती व्यक्ती अपात्र ठरते. तुमचा धाकटा २००७ चा आहे. अर्जात माहिती लपवून निवडून आलात, तरी विरोधक शाळेच्या दाखल्याची प्रत घेऊन तक्रार करतील आणि सदस्यत्व जाईल. मूल नातेवाइकाला कागदोपत्री दत्तक द्या, असा सल्ला अशा वेळी कुणी ना कुणी देतंच. तो ऐकू नका. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तिसरं मूल दत्तक दिल्याने अपात्रता टळत नाही.

ही अट विधानसभेला, विधान परिषदेला आणि लोकसभेला मात्र लागू नाही. जिल्हा परिषदेचं दार बंद आणि विधानसभेचं उघडं, अशी तुमची स्थिती आहे. ती विचित्र वाटेल, पण तुमचा सगळा बेत तिच्यावरच ठरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. "राजीनामा टाका" हे दोन शब्द तुम्हाला फार महाग पडतील. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आलात, म्हणजे तुम्हाला १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, म्हणजेच जुनी पेन्शन लागू आहे. त्याच्या नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. २१ वर्षांच्या नाईट, कोविडचा वॉर्ड, सगळं धरून निवृत्तिवेतनासाठीची तुमची सेवा शून्य. त्याच नियमांतला नियम ६६ सांगतो की २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी, सेवा पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि त्यात निवृत्तिवेतन व उपदान (ग्रॅच्युइटी) मिळतं. दोन्ही मार्गांनी तुम्ही नोकरीतून मोकळ्याच होणार. फरक अर्जावरच्या एका शब्दाचा, आणि तो आयुष्यभर पुरणारा आहे. ज्या सिस्टर नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा, कारण त्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत येतात. त्यांनी तुमचं उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.

अर्हताकारी सेवा म्हणजे कॅलेंडरवरची वर्षं नव्हेत. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा, नियमित न झालेली गैरहजेरी, निलंबनाचा काळ हे त्यातून वजा होऊ शकतं. मुलांच्या लहानपणी बिनपगारी रजा घेतली असेल तर तीही तपासा. म्हणून कार्यालयात जाऊन सेवापुस्तकाची, म्हणजे तुमच्या नोकरीच्या सगळ्या नोंदी असलेल्या वहीची, झेरॉक्स काढा आणि पान न् पान वाचा. नियुक्ती नियमित होती की कंत्राटी, कायम केल्याचा आदेश चिकटवला आहे का, दर वर्षाची सेवा पडताळणीची नोंद आणि सही आहे का, सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती वेतनपडताळणी पथकाकडून तपासून झाली आहे का, हे पाहा. बहुतेक प्रकरणं इथेच अडतात. पडताळणीची सही राहिलेली असते, तो बाबू बदलून गेलेला असतो, आणि पेन्शनचं प्रकरण नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून त्रुटी लावून परत येतं. निवडणुकीच्या धामधुमीत हे निस्तरता येत नाही. आत्ता, नोकरीत असताना येतं.

नोटीस नियुक्ती प्राधिकाऱ्याला, योग्य मार्गाने, म्हणजे अधिसेविका आणि वैद्यकीय अधीक्षकांमार्फत द्यायची. आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची. तीन महिने मोजायचे ते त्या पोचेच्या तारखेपासून. नियमात अशी तरतूद आहे की त्या मुदतीत प्राधिकाऱ्याने परवानगी नाकारली नाही तर मुदत संपताच निवृत्ती अमलात येते. विभागीय चौकशी चालू असेल किंवा ती प्रस्तावित असेल तर मात्र परवानगी नाकारली जाऊ शकते. औषधाच्या साठ्यातल्या तफावतीची एखादी जुनी नोटीस तुमच्या नावावर पडून असेल तर आधी तिचा लेखी निकाल लावून घ्या. घरबांधणी अग्रिम, सेवक पतसंस्थेचं कर्ज, उच्च शिक्षणासाठी रजा घेऊन दिलेलं बंधपत्र, यांचीही यादी करा.

घाईत काय होतं याचं उदाहरण मध्य प्रदेशात २०२३ मध्ये दिसलं. एका महिला उपजिल्हाधिकाऱ्यांनी विधानसभा लढवण्यासाठी जूनमध्ये राजीनामा दिला. तो मंजूर व्हायला ऑक्टोबर उजाडला, मधल्या काळात न्यायालयाच्या फेऱ्या झाल्या, आणि मंजुरी हातात पडली तोवर पक्षाने त्या मतदारसंघात दुसरा उमेदवार जाहीर केला होता. कायदा पाहतो तो अर्जांच्या छाननीचा दिवस. त्या दिवशी तुम्ही शासनाच्या पगारी पदावर असाल तर लाभाच्या पदाच्या मुद्द्यावर अर्ज बाद होतो, मग पाठीशी कितीही माणसं असोत.

आता नर्स खरंच मंत्री होते का, या प्रश्नाकडे येऊ.

ऑस्ट्रेलियातल्या जेड कर्नी मेलबर्नच्या ऑस्टिन हॉस्पिटलमध्ये नर्स झाल्या. तिथून त्या परिचारिकांच्या संघटनेत गेल्या, २००८ मध्ये राष्ट्रीय सचिव झाल्या, २०१० मध्ये देशातल्या सर्व कामगार संघटनांच्या शिखर संस्थेच्या अध्यक्ष. आठ वर्षं ते पद सांभाळून २०१८ च्या पोटनिवडणुकीत संसदेत पोचल्या आणि २०२२ मध्ये आरोग्य व वृद्धसेवा खात्याच्या सहायक मंत्री झाल्या. बोट्स्वानाच्या शीला ट्लू नर्सिंगच्या प्राध्यापक होत्या. एड्सने तो देश पोखरून निघत होता त्या काळात त्यांनी रुग्णांच्या घरगुती शुश्रूषेवर आणि स्त्रियांच्या आरोग्यावर काम केलं, आणि २००४ ते २००८ या काळात त्या आरोग्यमंत्री होत्या. त्यानंतर त्या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या प्रमुख झाल्या. केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातले जिन्सन चार्ल्स २०११ मध्ये नर्स म्हणून ऑस्ट्रेलियात गेले, डार्विनमध्ये मानसिक आरोग्य विभागात काम करत राहिले, आणि २०२४ मध्ये सँडरसन मतदारसंघातून निवडून येऊन नॉर्दर्न टेरिटरी सरकारात मंत्री झाले. ब्रिटनच्या मारिया कॉलफिल्ड कर्करोग रुग्णालयात नर्स होत्या. २०१५ मध्ये खासदार झाल्या आणि कोविडमध्ये खासदार असतानाच वॉर्डात पाळ्या केल्या, २०२१ मध्ये आरोग्य खात्यात कनिष्ठ मंत्री झाल्या.

आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेलं नाव किशोरी पेडणेकरांचं. न्हावा-शेव्याच्या बंदराच्या रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. पक्षाच्या महिला आघाडीत काम करत २००२ मध्ये त्या मुंबईत नगरसेविका झाल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये महापौर. एप्रिल २०२० मध्ये परिचारिकेचा गणवेश घालून त्या नायर रुग्णालयात गेल्या तो फोटो सर्वत्र गाजला. लोकांना तो फोटो आठवतो. त्या फोटोच्या आधीची राजकारणातली अनेक वर्षं फार कमी जणांना आठवतात. महापौरपद हे मंत्रिपद नव्हे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

या सगळ्यांत वॉर्डातून उठून थेट मंत्रालयात गेलेलं कुणीच नाही. मधे दहा-पंधरा वर्षांचं असं काम आहे की जे रुग्णालयाच्या भिंतीबाहेरच्या माणसांनी पाहिलं: संघटना, विद्यापीठ, पालिका, स्थलांतरितांची वस्ती. कोविडमधली तुमची ओळख खरी आहे, पण ती आजारी पडलेल्यांची आणि त्यांच्या नातेवाइकांची कृतज्ञता आहे. २०२९ मध्ये मतदान करणाऱ्या माणसाला त्याच्या रस्त्याचं, पीक विम्याचं, मुलाच्या नोकरीचं बोलायचं असेल. फोटोपुरतं पुढे करतात का, असं तुम्ही विचारता. मधलं काम नसलेल्या नर्सला करतात. असलेल्या नर्सला करता येत नाही.

तुमच्यासाठी ते मधलं काम जिल्हा परिषदेत होऊ शकत नाही, म्हणून ते दुसरीकडे करायचं. नोकरीत असताना मान्यताप्राप्त परिचारिका संघटनेत पद घेता येतं, तो तुमचा हक्क आहे. जिल्हा शाखेची सचिव व्हा, अध्यक्षपदापेक्षा ते बरं. निवेदन सचिव लिहिते, बैठकीचं इतिवृत्त सचिव ठेवते, मुंबईला शिष्टमंडळात सचिव जाते, आणि शासन निर्णय वाचून त्यातली पळवाट शोधायची सवय तिलाच लागते. मंत्र्याला रोज लागणारी कौशल्यं हीच आहेत.

त्यात एक काम मनापासून सुचवतो. तुमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, मिळवा. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे बसलेली किती, प्रत्यक्ष पाळीत उभी राहणारी किती, असा तक्ता करा. त्याच्या शेजारी निकष लिहा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सामान्य वॉर्डासाठी अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, वर रजा राखीव म्हणून ३० टक्के. सपाटीच्या भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे २०,००० आणि ३,०००. हा तक्ता तयार असलेली उमेदवार तालुक्याच्या कुठल्याही सभेत आरोग्यावर दहा मिनिटं आकड्यांनिशी बोलू शकते. आमदारकीच्या इच्छुकांपैकी असं बोलू शकणारे फार थोडे असतात. माहिती मिळवायची ती माहिती अधिकारात, नागरिक म्हणून. कार्यालयीन फाईल परस्पर बाहेर नेऊन नव्हे.

नोकरीत असेपर्यंत काय करायचं नाही हेही ठरवून घ्या. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांतला नियम ५ शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचं सदस्य होण्यास, प्रचार करण्यास, निवडणुकीत भाग घेण्यास मनाई करतो. मत द्यायचं, पण कुणाला दिलं ते सांगायचं नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं हाही भंग धरला जातो, म्हणजे स्कूटीवरचा स्टिकरसुद्धा. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲडमिन होणं, नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आपला फोटो येऊ देणं, पक्षाच्या मेळाव्यात "कोविड योद्धा" म्हणून व्यासपीठावर सत्कार घेणं, हे सगळं तक्रारीला पुरेसं आहे. चौकशी लागली तर स्वेच्छानिवृत्तीची वाटच अडते, हे वर आलंच आहे. घरी येणाऱ्या पक्षाच्या लोकांना चहा पाजा आणि स्पष्ट सांगा की सेवानिवृत्तीच्या आदेशानंतर बोलू.

मिस्टरांनाही हेच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना त्यांचे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत आणि तेही प्रचाराला मनाई करतात. तुम्ही निवृत्त होऊन उमेदवार झालात तरी ते नोकरीत आहेत. त्यांनी सभा घ्यायची नाही, पत्रकं वाटायची नाहीत, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसायचं नाही. शासकीय सेवकाने उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून काम करणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४अ खाली तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्यांना निवडणुकीचं काम लागलं असेल तर पत्नी उमेदवार असल्याचं त्यांनी स्वतःहून लेखी कळवावं. तुमचा निवडणूक प्रतिनिधी भाऊ, दीर किंवा मोठी मुलगी असावी, आणि तीही सरकारी नोकरीत नसलेली.

एक गोष्ट कायद्याच्याही आधीची आहे. रुग्णनोंदवहीतले, कोविड वॉर्डातले, लसीकरणाच्या यादीतले मोबाईल नंबर प्रचारासाठी वापरायचे नाहीत. कार्यकर्ते ते मागतील, कारण तालुक्यातली सर्वांत चांगली यादी तीच असते. ते नंबर लोकांनी उपचारासाठी दिले होते, कुणाला टीबी, कुणाला गर्भपात, कुणाला एचआयव्ही म्हणून. कामावरून सुटतानाच तुमच्या फोनमधले असे सगळे नंबर आणि रुग्णांचे फोटो पुसून टाका. ओळखीचे लोक तुम्हाला शोधत येतीलच.

वेळापत्रक मागून पुढे मोजू. मागची विधानसभा निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, पुढची नियमाप्रमाणे २०२९ च्या अखेरीस. उमेदवार म्हणून उभं राहण्याआधी किमान दीड-दोन वर्षं मोकळेपणाने पक्षात आणि गावांत फिरायला हवीत, म्हणजे तुमची निवृत्ती २०२७ च्या अखेरीस किंवा २०२८ च्या सुरुवातीला अमलात यायला हवी. तोवर सेवापुस्तक दुरुस्ती, मुलांच्या शिक्षणाची सोय आणि संघटनेचं काम. कुणी म्हणेल, फार लांबचं झालं. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन जी निवडणूक तुम्हाला लढवताच येत नाही तिच्या मागे धावण्यापेक्षा हे बरं.

मतदारसंघ मात्र मनात पक्का करू नका. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव केल्या आहेत. मूळ तरतुदीप्रमाणे त्या जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर लागू व्हायच्या आहेत. पुनर्रचना झाली की तालुके इकडचे तिकडे होतात. म्हणून शेजारच्या दोन तालुक्यांतही काम ठेवा. विधानसभेला उभं राहायला महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं. वय २५ पूर्ण हवं, तो प्रश्न नाही.

अर्ज भरताना नर्सच्या बाबतीत हमखास अडणारी एक बाब आहे. नमुना २६ च्या शपथपत्रात गेल्या दहा वर्षांत शासकीय निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनचं ना-देय प्रमाणपत्र जोडावं लागतं. रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये तुम्ही राहिला असाल, मग भले दोनच वर्षं असोत, ते प्रमाणपत्र सार्वजनिक बांधकाम विभाग, वीज कंपनी आणि नगरपालिका अशा तीन ठिकाणांहून गोळा करावं लागेल. क्वार्टर सोडतानाच घ्या. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. माहिती नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. सूचना देऊनही कोरा राहिलेला रकाना अर्ज बाद करू शकतो. पाच वर्षांची आयकर विवरणं तुमची आणि मिस्टरांचीही लागतात. विधानसभेची अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत आणि निवडूनही आला नाहीत, तर ती जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा) पुरतो, अपक्षाला दहा, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. पक्षाची अधिकृत उमेदवारी कळवणारे ए आणि बी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. ते पोचत नाहीत म्हणून रडलेले उमेदवार दर निवडणुकीला दिसतात, म्हणून मूळ शाईची सही असलेले फॉर्म स्वतःच्या हातात आल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची राहते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख रुपये आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं आणि सगळा खर्च त्यातूनच. एका व्यक्तीला पूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. रोजची नोंद वहीत, जशी तुम्ही ड्यूटी बदलताना ओव्हर देता तशी, त्याच दिवशी. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर केला नाही तर तीन वर्षं अपात्रता येते, हरलेल्या उमेदवारालाही. हरलेले लोकच तो विसरतात.

पैशाबद्दल आमचं ठाम मत आहे. उपदान आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम प्रचारात घालू नका. ती मुलींच्या शिक्षणाची आणि तुमच्या म्हातारपणाची आहे. पक्ष जर "खर्च तुम्ही करा, नाव आम्ही देतो" म्हणत असेल तर ती उमेदवारी तुमच्यासाठी नाही. परिचर्या परिषदेची नोंदणी मात्र दर वेळी मुदतीत नूतनीकरण करत राहा. हरल्यानंतर खासगी रुग्णालयात परिसेविका म्हणून किंवा नर्सिंग स्कूलमध्ये काम मिळतं ते त्या नोंदणीवर.

विधानसभेशिवाय विधान परिषद आहे. तिथे वयाची अट ३०, अपत्यांची अट नाही. पदवीधर मतदारसंघातूनही उभं राहता येतं, पण त्याची मतदार यादी दर वेळी नव्याने बनते, आणि पदवीधर परिचारिकांची नावं तिच्यात फारच कमी असतात. संघटनेच्या सचिव म्हणून ती नावं नोंदवण्याचं काम आजही करता येईल. नोंदणी करून घेणं हा प्रचार नव्हे.

मंत्रिपदाचा हिशेब कडक आहे. घटनेप्रमाणे मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, म्हणजे २८८ पैकी मुख्यमंत्र्यांसह ४३. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, त्यांत महिला चार. पहिल्यांदाच आमदार झालेल्या बाईंना या संख्येत जागा मिळणं अवघड आहे. दुसऱ्या खेपेला, समितीत बोलण्याने नाव झालं असेल तर, शक्यता बरी. ध्येय म्हणून मंत्रिपद मनात ठेवा, पण पहिली पाच वर्षं आमदार म्हणून काम करायची तयारी नसेल तर ही वाट धरू नका.

आणि खातं. ते मुख्यमंत्री ठरवतात. कर्नींना आरोग्याशी जोडलेलं काम मिळालं, चार्ल्स यांना क्रीडा, कला, दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक अशी खाती मिळाली. आपल्याकडे आरोग्यही एक खातं नाही: तुमचं उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, मेडिकल कॉलेजातल्या सिस्टर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि औषधखरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने वेगळं प्राधिकरण. आरोग्यमंत्री झालात तरी नवीन पदं एकट्याच्या सहीने निर्माण होत नाहीत. प्रस्ताव विभागाच्या सचिवांकडून वित्त विभागाकडे आणि उच्चस्तरीय समितीकडे जातो, तिथे "पदांचं समर्थन" मागतात, आणि तुमचा तो आकृतिबंधाचा तक्ता तेव्हा पुन्हा लागतो. पहिल्या आठवड्यात दालनाबाहेर गर्दी होईल ती जुन्या सहकाऱ्यांची, बदलीचे अर्ज घेऊन. २००५ चा बदल्यांचा कायदा, किमान कालावधी आणि समुपदेशनाची पद्धत पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करा आणि मैत्रिणींनाही तीच लावा. एकीला सवलत दिली की उरलेल्या सगळ्या जणी तुमच्या विरोधात जातील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

आरोग्य न मिळता महिला व बालविकास किंवा २०२२ मध्ये वेगळा झालेला दिव्यांग कल्याण विभाग मिळाला, तर नाराज होऊ नका. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या दिवशी लोक कुठे अडतात, आणि तीव्र कुपोषित मूल अंगणवाडीतून पुनर्वसन केंद्रात पोचेपर्यंत कुठे हरवतं, हे तुम्ही स्वतःच्या ड्यूटीवर पाहिलं आहे. त्या दोन कामांची टिपणं आजपासून एका वहीत तारखेसह, रुग्णांची नावं न लिहिता, ठेवायला सुरुवात करा. सेवापुस्तकाच्या झेरॉक्ससाठीचा अर्ज त्याच दिवशी कार्यालयात द्या.